टाउनची बेसबॉल लीग आपल्या गळ्यात पडली तर काय करायचं

अमेरिकेत मुलं जरा मोठी झाली की टाउनच्या बेसबॉल लीगमध्ये नाव घालणं आलंच, आणि दोन-तीन सीझन तुम्ही कुंपणाशी फोल्डिंग खुर्ची टाकून नेमाने बसलात की कुणीतरी येऊन विचारतंच, "बोर्डवर येता का?" आपली माणसं मग एकतर "आम्हाला बेसबॉल कुठे येतो" म्हणून सटकतात नाहीतर हो म्हणून बसतात आणि रात्री अकरा वाजता गूगल करत बसतात. हे दुसऱ्या प्रकारच्या मंडळींसाठी. मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या लीगच्या बोर्डवर प्लेअर एजंट आहे (हे काय प्रकरण ते पुढे येईल), लहानपणी गल्लीत क्रिकेट सोडून काही खेळलेलं नाही, आणि ठामपणे सांगते की लीग चालवायला बेसबॉल यावं लागत नाही. गणपती मंडळात काम केलंय ना? वर्गणी, परवानग्या, मांडव, रुसवेफुगवे, हिशोब, सगळं तेच, फक्त दहा दिवसांऐवजी दहा महिने.

एकच गोष्ट आधी सांगून ठेवते कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं: नियम डिसेंबरमध्ये लिहायचे, म्हणजे त्यातून कुणाच्या पोराचा फायदा आणि कुणाचा तोटा होणार हे कुणालाच माहीत नसताना. मे महिन्यात केलेला कुठलाही नियम, कितीही शहाणपणाचा असो, लोकांना कुणाच्यातरी विरुद्ध केलेलाच वाटतो.

आधी छत्री कुठली ते ठरवा

बहुतेक टाउन लीग कुठल्यातरी राष्ट्रीय संस्थेखाली असतात. सगळ्यात माहितीची लिटल लीग, १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने तीन टीम घेऊन सुरू केलेली, आणि तेव्हापासून गावोगावच्या लीग स्वयंसेवकच चालवतात. दुसरी बेब रूथ लीग, १९५१ ला आमच्या न्यू जर्सीतच हॅमिल्टन टाउनशिपमध्ये सुरू झाली, तिचा लहान मुलांचा भाग कॅल रिपकन नावाने चालतो. पोनी म्हणून तिसरी आहे. आणि काही लीग कुणाच्याच छत्रीखाली नसतात, टाउनच्या रिक्रिएशन डिपार्टमेंटला धरून चालतात.

छत्री घ्यावी असं माझं मत. दरवर्षी चार्टर फी (त्या संस्थेच्या सदस्यत्वाची) आणि इन्शुरन्स भरावा लागतो, हद्दीचा नकाशा द्यावा लागतो, कागद वाढतात, पण बदल्यात तयार नियमपुस्तक मिळतं आणि भांडण झालं की "हा आमचा नियम नाही, लिटल लीगचा आहे" असं म्हणता येतं, ते सोन्यासारखं आहे. शिवाय डिस्ट्रिक्ट ॲडमिनिस्ट्रेटर असतो, तोही स्वयंसेवकच, आसपासच्या बऱ्याच लीग बघणारा, त्याचा नंबर पहिल्या दिवशी फोनमध्ये सेव्ह करा. पुढचे सगळे आकडे लिटल लीगचे आहेत, तुमची लीग वेगळी असेल तर तिचं पुस्तक बघा. आणि लिटल लीगची असली तरी दरवर्षी नवीन पुस्तक बघाच, विशेषतः लीग एज, म्हणजे गट ठरवायला धरायचं मुलाचं वय, कुठल्या तारखेवर मोजायचं ते, कारण ते बदलत असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: माणसं

किमान लागतात ते म्हणजे प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, सेक्रेटरी, ट्रेझरर, प्लेअर एजंट आणि सेफ्टी ऑफिसर. याशिवाय अंपायर बघणारा एक, सामान बघणारा एक, मैदान बघणारा एक आणि स्पॉन्सर गाठणारा एक. प्लेअर एजंट म्हणजे मुलांच्या बाजूचा माणूस, नावनोंदणीचे कागद तपासणं, चाचण्या घेणं, ड्राफ्ट (मॅनेजर, म्हणजे टीमचे मुख्य कोच, आळीपाळीने मुलं निवडतात ते) चालवणं, टीम बदलायच्या विनंत्या ऐकणं आणि बहुतेकांना नाही म्हणणं. म्हणून त्याने त्याच डिव्हिजनमध्ये (वयोगटात) कोचिंग करायचं नसतं.

एका माणसाकडे तीन पदं देऊ नका, तो कितीही उत्साही असला तरी. असा माणूस प्रत्येक लीगमध्ये असतोच, सगळ्या किल्ल्या, सगळे पासवर्ड, सगळी ओळख त्याच्याचकडे, आणि त्याचं धाकटं पोर तेरा वर्षांचं झालं की तो जातो आणि लीगला शेडचं कुलूप तोडावं लागतं. लीगच्या नावाचा ईमेल काढा, पदाच्या नावाने, माणसाच्या नावाने नको.

पैशांचं आत्ताच ठरवा. लीगचा स्वतःचा ईआयएन (संस्थेचा कर-ओळख) नंबर हवा, बँक खातं लीगच्या नावाने हवं, कुणाच्या घरच्या खात्यात किंवा वैयक्तिक व्हेन्मोवर (पैसे पाठवायच्या ॲपवर) एक डॉलरही नको. ठराविक रकमेच्या वरच्या चेकवर दोन सह्या. आणि बँकेचं स्टेटमेंट ट्रेझररव्यतिरिक्त आणखी एका माणसाने दर महिन्याला उघडून बघायचं. यात अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं म्हणून आपली माणसं संकोच करतात, पण उलट आहे, पुढे कुणी बोट दाखवलं तर ट्रेझररला हाच कागद वाचवतो.

५०१ सी ३ म्हणजे करमुक्त संस्थेचा दर्जा असेल तर वार्षिक उत्पन्न साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असणाऱ्या लीगला आयआरएसकडे (फेडरल कर खात्याकडे) ९९०-एन नावाचं इवलंसं ऑनलाइन पोस्टकार्ड भरावं लागतं, दहा मिनिटांचं काम. लीगचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपत असेल तर मुदत १५ फेब्रुवारी. सलग तीन वर्षं विसरलात तर दर्जा आपोआप जातो, आणि तो परत मिळवायला दहा मिनिटं लागत नाहीत.

नोव्हेंबर-डिसेंबर: मैदान, पैसे आणि नियम

मैदान बहुतेक वेळा टाउनशिपचं किंवा शाळेचं असतं आणि परवानगीसाठी रिक्रिएशन डिपार्टमेंटकडे रांग असते, सॉकर, लॅक्रॉस, आणि हल्ली आपलीच क्रिकेटवाली मंडळीही. त्यामुळे अर्ज सुटल्या सुटल्या भरायचा. सोबत इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागतात, त्यात टाउनशिपचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून (म्हणजे विम्याचं संरक्षण त्यांनाही) घालून घ्या. त्याच ऑफिसात विचारून घ्या की गवत कोण कापणार, लाइटचं बिल कुणाचं, पावसात मैदान बंद कोण जाहीर करणार आणि किती वाजता. तिथल्या क्लार्कबाईंशी नीट वागा, बोर्डातल्या निम्म्या लोकांपेक्षा त्या लीगच्या जास्त उपयोगाच्या असतात.

बजेट करताना खर्च दोन ढिगांत टाका. मुलं किती आली यावर अवलंबून नसलेला: चार्टर, मैदानाची माती आणि चुना, बेस, पोर्टेबल टॉयलेट, वेबसाइट. आणि डोक्यामागे वाढणारा: शर्ट-टोपी, बॉल, अंपायर, ट्रॉफी. समजा पहिला ढीग ९,००० डॉलरचा आहे आणि दुसरा डोक्यामागे ७० डॉलर. २०० मुलं आली तर एका मुलाचा खरा खर्च ११५ डॉलर, पण १५० च आली तर १३०. फी नेहमी कमी आकडा धरून ठरवायची, आणि स्पॉन्सरचे पैसे यात मोजायचे नाहीत, ते आले की जाळी दुरुस्त करायची.

ज्याला फी परवडत नाही त्याला परत पाठवायचं नाही. लिटल लीगच्या नियमातही हेच आहे की खेळायला मिळण्यासाठी फी ही अट असू शकत नाही. फॉर्मवर एक चौकोन ठेवा, "मदत हवी आहे", कारण विचारू नका, आणि ती नावं फक्त दोन माणसांना दिसतील अशी व्यवस्था करा.

आणि आता ते नियम. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये लिहून, मत घेऊन, मिनिट्समध्ये नोंदवून टाकायचे ते हे: फी कधीपर्यंत परत मिळेल, ड्राफ्ट कुठल्या पद्धतीने, मॅनेजरचं स्वतःचं मूल कितव्या फेरीत मोजायचं, कुणी सीझनच्या मध्येच सोडलं तर त्या टीमला बदली कसा, पावसाने गेलेली मॅच कोण आणि किती दिवसांत लावणार, प्रत्येक मुलाला किमान किती खेळायला मिळणार, ऑल-स्टार टीम (लीगमधल्या निवडक मुलांची) कशी निवडणार, आणि प्रेक्षकाला बाहेर काढायची वेळ आली तर कोण काढणार. प्रत्येकी दोन-चार ओळी पुरतात. वकिली भाषा नको.

किमान खेळायचं बोलायचं तर लिटल लीगमध्ये नेहमीच्या मॅचला प्रत्येक मुलाला सलग सहा आउट होईपर्यंत फील्डिंग आणि किमान एकदा बॅटिंग मिळालंच पाहिजे. टाउन लीगने यापेक्षा जास्त द्यावं. छोट्या गटात अख्खी टीम ओळीने बॅटिंग करू दे, आणि कुणीही लागोपाठ दोन इनिंग बाकावर बसणार नाही असं लिहून टाका. बाकावरचं पोर पुढच्या वर्षी सॉकरला जातं, आणि त्याच्या आईबापांसकट जातं.

जानेवारी-फेब्रुवारी: नावनोंदणी आणि स्वयंसेवक

नोंदणी ऑनलाइन, जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा त्याच वेळी अपलोड करून घ्या. मूल लीगच्या हद्दीत राहतं किंवा हद्दीतल्या शाळेत जातं यातलं एक लागतं. हे नंतर बघू म्हणालात तर जूनमध्ये ऑल-स्टारच्या वेळी त्रास होतो, तेव्हा कागद मागितले की लोकांना वाटतं आपल्यालाच का.

मुलींची नावं आली की काही जण अजून "सॉफ्टबॉल बघा ना" म्हणतात. ज्या मुलीला बेसबॉल खेळायचाय तिला बेसबॉल. होबोकेनच्या मरिया पेपे या मुलीला १९७२ मध्ये तीन मॅच खेळल्यावर बसवलं होतं, ते प्रकरण न्यू जर्सीतच लढलं गेलं आणि १९७४ मध्ये लिटल लीगने मुलींना दार उघडलं. तेव्हा निदान आमच्या राज्यात तरी हा वाद परत नको.

आता स्वयंसेवक. "मदतीची गरज आहे, कृपया पुढे या" अशा ईमेलला कुणीही पुढे येत नाही. कामाचा तुकडा पाडा, त्यावर तारीख आणि वेळ घाला, आणि माणसाला नावाने विचारा. "शनिवारी सकाळी आठ ते नऊ, मैदान दोनवर चुन्याच्या रेषा मारायला येशील का, मी शिकवते" याला लोक हो म्हणतात. नोंदणीच्या फॉर्ममध्येच अशी कामं टाका: स्कोअर लिहिणं, पिच (क्रिकेटची खेळपट्टी नव्हे, पिचरने बॅटरकडे टाकलेले बॉल) मोजणं, स्नॅक स्टँडला दोन तास, एप्रिलमधला सफाईचा दिवस, बॅनर बांधणं. काही लीग सुरुवातीला डिपॉझिटचा चेक घेतात आणि तास भरले की परत करतात. चालतं ते, पण ज्यांना पैशाची ओढ आहे त्यांनाच ते बोचतं, बाकीचे खुशाल सोडून देतात, म्हणून मला फारसं पटत नाही.

आपल्या देसी पालकांकडून एक हमखास उत्तर येतं, मला खेळातलं कळत नाही. त्यांना पिच मोजायला बसवा. हातात क्लिकर, डोळे पिचरवर, बास. दोन आठवड्यांत ते स्कोअर लिहायला लागतात, महिन्याभरात अंपायरशी मनातल्या मनात वाद घालायला लागतात, आणि पुढच्या वर्षी असिस्टंट कोच होतात. फक्त क्रिकेट खेळलेल्या बाबांना सांगून ठेवा की पोराला बॅट खाली टेकवून उभं राहायला शिकवू नका.

मैदानावर मुलांच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने दरवर्षी स्वयंसेवक अर्ज भरायचा, बॅकग्राउंड चेक द्यायचा आणि अत्याचाराविषयीचं ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करायचं. प्रेसिडेंटपासून सगळ्यांनी, दहा वर्षांच्या ओळखीच्या माणसानेही. २०१८ मध्ये सही झालेल्या फेडरल सेफ स्पोर्ट कायद्याप्रमाणे मुलावर अत्याचाराचा संशय आला तर २४ तासांत अधिकाऱ्यांना कळवावं लागतं, "आधी बोर्डात बोलू" हा पर्याय नाही. आणि कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही, गाडीतही नाही, याला अपवाद फक्त स्वतःचं मूल. न्यू जर्सीत असाल तर सगळ्या कोचना रटगर्स युनिव्हर्सिटीचं तीन तासांचं सेफ्टी क्लिनिक करायला लावा, राज्याच्या कायद्यात स्वयंसेवक कोचला दाव्यांपासून जे मर्यादित संरक्षण आहे ते मिळायला हे ट्रेनिंग लागतं. बाकी राज्यांत काय ते सेफ्टी ऑफिसरने शोधायचं, त्याच्या पहिल्या कामांपैकी हे एक.

मार्च: चाचण्या आणि ड्राफ्ट

थंडी असते, शाळेची जिम मिळाली तर उत्तम. प्रत्येक मुलाच्या पाठीवर नंबर, नाव नाही. सगळ्यांना सारखंच: काही ग्राउंडर (जमिनीसरपट बॉल), काही उंच बॉल, काही थ्रो, काही पिच बॅटिंगला, आणि एकदा धावणं. मार्क देणारे तीन-चार जण, एकमेकांपासून लांब बसवलेले, प्रत्येकी एक ते पाच. घाबरलेल्या मुलाचे मार्क खाली येतात हे गृहीत धरा आणि मागच्या वर्षीच्या कोचचं मत बाजूला लिहून ठेवा.

ड्राफ्ट बंद खोलीत, मॅनेजर आणि प्लेअर एजंट, एवढेच. पहिल्या फेरीत एक-दोन-तीन-चार, दुसरीत चार-तीन-दोन-एक, अशी उलटसुलट. मॅनेजरचं मूल डिसेंबरच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या फेरीत त्याच्याचकडे. असिस्टंट कोचच्या मुलाचीही पळवाट आधीच बंद करा, नाहीतर अचानक सगळ्या चांगल्या पिचरांचे बाप एकाच टीमचे असिस्टंट निघतात. कितव्या नंबरवर कोण उचललं गेलं हे त्या खोलीबाहेर कधीही जाता कामा नये. बारावं उचललेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार असतं.

टी-बॉलमध्ये, म्हणजे सगळ्यात लहान मुलं स्टँडवर ठेवलेला बॉल मारतात त्या गटात, यातलं काही नको. तिथे शेजार आणि कारपूल बघून टीम करा, स्कोअर ठेवू नका, आणि टीम छोटी ठेवा. बाराजण मैदानावर असले की दहाजण मातीत चित्रं काढत बसतात.

टाइमटेबल

लिटल लीगमध्ये प्रत्येक टीमला किमान १२ मॅच द्याव्या लागतात. एप्रिल ते जूनमध्यात हे बसतं, पण ईशान्येला एप्रिल म्हणजे पाऊस, त्यामुळे आठवड्यातली एक संध्याकाळ रिकामीच ठेवा, फक्त राहिलेल्या मॅचसाठी. ईस्टर, पासओव्हर, मे महिन्यातल्या शनिवारचे फर्स्ट कम्युनियन, शाळेच्या कॉन्सर्ट, मेमोरियल डेचा वीकेंड, हे आधी कॅलेंडरवर मारून घ्या. रविवारी सकाळी आपल्या मुलांची मराठी शाळा असते हे बोर्डातल्या इतरांना माहीत नसतं, सांगितल्याशिवाय कळणारही नाही, तेव्हा सांगा. आमच्याकडे सांगितल्यावर रविवारच्या मॅच दुपारी गेल्या, कुणीही कुरकुर केली नाही.

मैदान

हे प्रकरण मला सगळ्यात आवडतं म्हणून जरा सविस्तर. बारा वर्षांपर्यंतच्या मैदानात बेसमधलं अंतर ६० फूट आणि पिचरचं रबर (तो पाय टेकवतो ती पट्टी) होम प्लेटपासून (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) ४६ फूट. मोजायचं कुठून हे कुणी सांगत नाही आणि म्हणून दरवर्षी चुकतं. टेप होम प्लेटच्या मागच्या टोकाला धरायची. पहिल्या आणि तिसऱ्या बेसचे ६० फूट त्या बेसच्या लांबच्या कडेपर्यंत, म्हणजे अख्खी बॅग साठाच्या आत. दुसऱ्या बेसला मात्र बॅगच्या मध्यापर्यंत मोजायचं, होमपासून सरळ ८४ फूट सव्वादहा इंच. रबराचे ४६ फूट त्याच्या पुढच्या कडेपर्यंत. बेस धडकल्यावर सुटणारेच हवेत, ते सक्तीचं आहे, आणि जमिनीतल्या खाचेत माती भरली की ते सुटत नाहीत, म्हणून मॅच संपली की खाचेत बूच घाला.

मॅचनंतर ड्रॅग मॅट (माती सारखी करायची जाळी) फिरवताना गवताच्या कडेपर्यंत नेऊ नका, फूटभर आधी थांबा आणि कड हाताने दाताळ्याने सारखी करा. तसं नाही केलं तर माती ढकलली जाऊन गवताच्या काठावर उंचवटा तयार होतो, एक दिवस जमिनीसरपट येणारा बॉल त्यावरून उसळून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) तोंडावर बसतो, आणि तो उंचवटा काढणं म्हणजे फावडी घेऊन दोन वीकेंड. डबकं साचलं तर झाडूने पाणी गवतात लोटायचं नाही, पाण्याबरोबर चांगली मातीही जाते. पाणी स्पंजने किंवा छोट्या हातपंपाने बादलीत काढायचं, मग पाणी शोषणारी पावडर थोडी टाकून दाताळं फिरवायचं. हौशी बाबा लोक पोतीच्या पोती ओततात, ती महाग असते, आणि नंतर जमीन भाजलेल्या विटेसारखी कोरडी पडते. आणि खरोखर ओलं असेल तर मॅच रद्द करा. एका मॅचसाठी तुडवलेलं मैदान आठवडाभर खराब राहतं.

पिच मोजणं

यात तडजोड नाही. २००७ पासून लिटल लीगमध्ये इनिंगऐवजी पिच मोजतात. दिवसाची कमाल: सात-आठ वर्षांना ५०, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५. विश्रांती, चौदा वर्षांपर्यंत: २० पर्यंत टाकले तर काही नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या वर चार. दिवस कॅलेंडरचे मोजायचे. म्हणजे मंगळवारी ५२ टाकले तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार सुट्टी, शनिवारी परत चालेल. ४१ किंवा जास्त पिच टाकलेल्या मुलाने त्या दिवशी कॅचर (आपला विकेटकीपर समजा) व्हायचं नाही, आणि चार इनिंग कॅचिंग केलेल्याने त्या दिवशी पिचिंग नाही. कारण साधं आहे, कॅचरही प्रत्येक बॉल परत फेकतच असतो.

चालवायचं कसं: दोन्ही टीमचे मोजणारे शेजारी-शेजारी बसतात, प्रत्येक इनिंगनंतर आकडा जुळवतात, मॅचनंतर दोघं सही करतात, आणि त्याच रात्री आकडे सगळ्या मॅनेजरना दिसतील अशा एका शीटमध्ये जातात. सगळ्यांना दिसणं हाच खरा पहारा. जे मूल ट्रॅव्हल टीममध्येही (गावोगावी जाऊन खेळणारी वेगळी टीम) खेळतं त्याच्या पालकांना तिकडचे आकडेही या शीटमध्ये टाकायला सांगा, कारण नियम वेगळे असले तरी खांदा एकच आहे.

अंपायर आणि कुंपणापलीकडचे

छोट्या गटांना तेरा-चौदा वर्षांची मुलं अंपायर म्हणून छान काम करतात, थोडे पैसे द्या, आधी एक दिवस शिकवा, पहिल्या दोन मॅचना सोबत मोठा माणूस उभा करा. स्ट्राइक चुकतील. चुकू देत. नियम असा: अंपायरशी फक्त मॅनेजर बोलेल, तेही नियमाबद्दल, बॉल-स्ट्राइकबद्दल नाही. पालक ओरडला तर अंपायरने वळूनही बघायचं नाही, त्या टीमच्या मॅनेजरने जाऊन त्याला गप्प करायचं, नाही झाला तर मॅच थांबवायची. त्या शांततेत सगळे त्या एका माणसाकडे बघतात आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. आणि चौदा वर्षांच्या पोरावर मोठा माणूस ओरडत असेल तर दुसऱ्यांदा समज देत बसू नका, घरी पाठवा.

सेफ्टी

विजेचा गडगडाट ऐकू आला की सगळे गाड्यांमध्ये, डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकांच्या शेडमध्ये) नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत यायचं नाही, मधे परत गडगडलं तर घड्याळ पहिल्यापासून. बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का हवा, २०१८ पासून हे आहे; आजोबांनी गराज सेलमधून आणलेली बॅट पहिल्याच प्रॅक्टिसला बाजूला काढा. कॅचरच्या हेल्मेटला गळ्याचं संरक्षण लोंबतं हवं. डोक्याला मार लागला आणि जरा जरी शंका आली तर मूल त्या दिवशी परत खेळत नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय परत येत नाही. प्रत्येक डगआउटमध्ये मैदानाचा पूर्ण पत्ता आणि गेट कुठलं ते मोठ्या अक्षरात चिकटवा, कारण पार्कमधल्या मैदान तीनचा पत्ता ९११ ला फोन केल्यावर कुणालाच आठवत नाही. लीगचा अपघात विमा घरच्या विम्यानंतर लागू होतो, हे पालकांना आधीच सांगा.

स्नॅक स्टँडसाठी टाउनच्या हेल्थ डिपार्टमेंटला विचारल्याशिवाय घरचं काही विकायला ठेवू नका, समोसेसुद्धा. गल्ला दोघांनी मोजायचा, दोघांनी सही करायची.

जून आणि नंतर

ऑल-स्टारची निवड डिसेंबरच्या कागदाप्रमाणे, एक शब्दही न बदलता. आमच्याकडे मॅनेजरांची गुप्त मतं अधिक मुलांची मतं असं आहे. मुलं आश्चर्य वाटेल इतकी प्रामाणिक मतं देतात. न निवडलेल्यांना यादी जाहीर होण्याआधी मॅनेजरने स्वतः फोन करायचा, ग्रुपवर मेसेज नको.

सीझन संपल्याच्या आठवड्यातच सामान गोळा करा, ऑगस्टमध्ये कॅचरचं गिअर कुणाच्या बेसमेंटमध्ये आहे ते कुणालाच सांगता येत नाही. मोजा, फुटकी हेल्मेट फेका, यादी शेडच्या दाराला आतून लावा. पालकांना तीनच प्रश्नांचा फॉर्म पाठवा, जास्त विचारलंत तर कुणी भरत नाही. आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या कामाचं एक पान लिहायचं: कुठल्या महिन्यात काय, फोन कुणाला, पासवर्ड कुठे. ज्याचं मूल पुढच्या वर्षी शेवटच्या गटात असेल त्याच्या शेजारी आत्ताच टी-बॉलमधल्या मुलाचा पालक बसवा, सोबत वर्षभर फिरू दे. सप्टेंबरच्या मीटिंगची नोटीस याच वेळी पाठवून टाका, सुट्टीला भारतात जाणारे परत यायच्या आत निवडणूक झाली तर पुढचं वर्षभर तेही ऐकावं लागतं.